झेब्रा, आजोबा आणि प्रानोमचा घोटा

प्रानोमचा घोटा मोडला तेव्हा हेंग शेठने धावत येऊन पहिला प्रश्न विचारला, "झेब्रा कुठला फुटला? मोठा की लहान?"

मोठाच फुटला होता. गुडघ्याएवढा, प्लास्टरचा, मान तुटून बाजूला पडलेला, आणि प्रानोम त्याच्या धडावर आडवी. पाय भलत्याच दिशेला वळला होता. शेठने मान उचलून धडाला लावून पाहिली, ती बसेना, तेव्हा त्याचं लक्ष प्रानोमकडे गेलं. "अगं ए, तू का निजलीस तिथे?"

रयोंगच्या किनाऱ्यावर हेंग शेठचा माशांच्या सॉसचा कारखाना आहे. गेटापाशी एका खांबावर लाकडाचं छोटंसं घर आहे, खुराड्यापेक्षा जरा मोठं. त्यात राखणदार आजोबा राहतात, ह्या जागेचं दैवत. जागा मूळची त्यांची, कारखाना नंतरचा, त्यामुळे तिथे आजोबांना विचारल्याशिवाय नवं पिंपसुद्धा हलत नाही. त्यांना रोज सकाळी लाल सरबताची बाटली लागते, तीही झाकण काढून, स्ट्रॉ घालून. आणि नवस फेडायचा असला की झेब्रे लागतात. आजोबांनी आयुष्यात झेब्रा पाहिला असेल का, असले प्रश्न रयोंगमध्ये कोणी विचारत नाही. आवडतात तर आवडतात. खांबाभोवती तीनएकशे झेब्रे दाटीवाटीने उभे असतात.

शेठ ह्या खेपेला मोठा नवस बोलला होता. माल परदेशी पाठवायचा परवाना मिळाला तर झेब्रे तर देईनच, शिवाय नऊ बायकांचा नाच घालीन. परवाना मिळाला. नाचणाऱ्या बायकांचा ताफा मात्र महिनाभर मोकळा नव्हता, आणि असता तरी शेठचा हात खिशात जायला वेळ लागतो. नवस लांबवला तर आजोबा रागावणार. मग शेठला सुचलं की बायका तर आपल्याकडेच आहेत. बाटली विभागात जाऊन त्याने बोटाने नऊ जणी मोजल्या. "तू, तू, तू आणि तू. दुपारी दोनला, गेटापाशी. नाचायचं."

"शेठ, आम्हाला नाच कुठे येतो?" प्रानोम म्हणाली.

"आजोबांना तरी कुठे कळतो? हात वर करा, गोल फिरा."

प्रानोम ह्या विभागात बावीस वर्षं होती. तिचं काम उजेडाच्या पडद्यासमोर बसून बाटलीत काटा, माशी किंवा गाळ दिसतो का ते बघायचं. एक बाटली, दुसरी बाटली, तिसरी बाटली. मान खाली आणि डोळे तपकिरी पाण्यात. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याच्या तोंडाकडेही ती आरपार उजेड बघितल्यासारखी बघायची, असं तो म्हणायचा. तो मासेमारीच्या बोटीवर, महिन्यातून चार दिवस घरी, म्हणून फारशी तक्रार करत नसे.

तर मंगळवारी दुपारी दोन वाजता ढोलाचं गाणं लागलं आणि नऊ जणी रबरी बूट घालूनच नाचायला लागल्या. पहिलं मिनिट लाजेत गेलं. दुसऱ्या मिनिटाला प्रानोमच्या शेजारणीचं कंबर हलवणं बघून तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. हात वर गेले, मान वर गेली. कारखान्याच्या आवारात इतकं आभाळ आहे हे तिला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला इतकी मजा आली की आपण कुठे आहोत हेच ती विसरली. अकराव्या मिनिटाला गिरकी घेताना मागे गेली, आणि मागे झेब्रे होते.

घोटा दोन ठिकाणी मोडला. सरकारी इस्पितळात पट्टी घालून स्क्रू बसवले आणि अडीच महिने पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं.

आता इथे खरी गोम होती. अपघात कामावरचा ठरला तर पाय बरा होईपर्यंत भरपाई मिळणार आणि नोकरी शाबूत राहणार. कामावरचा नाही ठरला तर ती सरळ सरळ गैरहजेरी, आणि लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलं की ह्या कारखान्यात हजेरीपटावरचं नाव कटतं. सेहेचाळीस वर्षांच्या, लंगड्या, फक्त बाटल्यांतली घाण ओळखता येणाऱ्या बाईला दुसरं कोण कामाला ठेवणार? प्रानोम रात्रंदिवस ह्याच काळजीत होती.

कारखान्यातल्या कामगार कचेरीत राचनी मॅडम होत्या. पस्तिशीच्या, हुशार, नखं रंगवलेल्या. परवान्याच्या अटीतच लिहिलं होतं की वर्षभर कारखान्यात एकही अपघात होता कामा नये. म्हणून मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळीच उरलेल्या आठ जणींकडून 'आम्ही भक्तिभावाने, आपापल्या खुशीने नाचलो' अशा कागदावर सह्या घेतल्या. आठही जणींनी मान खाली घालून सह्या केल्या आणि मान खाली घालूनच बाटल्या बघायला गेल्या. प्रानोम बिछान्यात होती, म्हणून तिची सही राहिली.

तिने आपला अर्ज प्रांताच्या भरपाई कचेरीत धाडला. तो फिरून कंपनीकडे खुलाशासाठी आला. खुलाशाच्या फॉर्मवर एक रकाना होता: इजा कशामुळे झाली? यंत्र, वाहन, रसायन, प्राणी. चारांपैकी एकावर खूण करणं भाग होतं. मॅडमनी पुष्कळ विचार करून 'प्राणी' वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'झेब्रा'. त्याखाली रकाना होता: दुखापत झाली त्या वेळी मालक कोण? तिथे त्यांनी लिहिलं: 'राखणदार आजोबा. पत्ता: कारखान्याच्या गेटापाशी, खांबावर.'

"नाच आजोबांसाठी होता," त्या शेठला म्हणाल्या, "म्हणजे त्या वेळेपुरती ती त्यांच्याकडे कामाला. आपला काय संबंध?"

शेठ खूश झाला. आजोबांच्या नावावर काही टाकायला मिळालं की त्याला नेहमीच बरं वाटे.

भरपाई कचेरीत हे प्रकरण नोपादोन नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. अजून त्याचा फॉर्मवर विश्वास होता. त्याने नियमाप्रमाणे दोन पत्रं पाठवली. एक कंपनीला: 'झेब्र्याच्या लसीकरणाचा दाखला सादर करावा.' दुसरं आजोबांना: 'सात दिवसांत म्हणणं मांडावं.' पोस्टमनने दुसरं पत्र खांबावर चढून सरबताच्या बाटल्यांमध्ये नीट ठेवलं आणि वर हातही जोडले. सात दिवस उलटले. आजोबांचं उत्तर आलं नाही. झेब्र्याचा दाखलाही आला नाही, कारण झेब्रा तोवर भंगारात गेला होता.

"मग मी स्वतःच येतो," असं नोपादोनने कळवलं, आणि आला.

त्याने गेटापाशी कॅन्टीनचं टेबल मांडायला लावलं. वही, शिक्का, शाईचं पॅड, तिन्ही सरळ रेषेत ठेवली. प्रानोमला पुतण्याने स्कूटरवरून आणलं होतं. ती कुबड्या मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. शेठ, मॅडम आणि जेवणाच्या सुट्टीतला अर्धा कारखाना गोळा झाला.

"राखणदार आजोबा हजर आहेत का?" नोपादोनने खांबाकडे बघून विचारलं. तीनदा विचारलं. वाऱ्याने झेंडूच्या माळा हलल्या तेवढंच.

"ते असे नाही येत, साहेब," गर्दीतून कोणी म्हणालं. "लामून मावशीच्या अंगात येतात."

लामून मावशी कॅन्टीनची स्वयंपाकीण. साठीची, आडव्या अंगाची. आजोबा एरवी पौर्णिमेला येत. आज तिथी नव्हती, पण सरकारी बोलावणं होतं. मावशी भाताच्या डावासकट येऊन खांबाखाली बसली, उदबत्ती लावली, आणि दोन मिनिटांत तिचे खांदे थरथरायला लागले. शेठने चटकन चपला काढल्या.

"कोण रे बोलावतोय मला जेवणाच्या वेळेला?" मावशीच्या तोंडून खर्जातला आवाज आला.

नोपादोन उभा राहिला, मग अधिकाऱ्याने उभं राहावं का हे न कळून परत बसला. "नाव?"

"आजोबा."

"वय?"

"ही खाडी नव्हती तेव्हापासूनचा आहे."

नोपादोनने लिहिलं, 'निवृत्तीचं वय उलटलेलं'. "आजोबा, सदर बाई, प्रानोम, त्या दुपारी तुमच्याकडे कामाला होत्या का?"

"माझ्याकडे?" आजोबा खवळले. "मी काय पगार देतो? मला स्वतःला दिवसाला एक बाटली मिळते, तिच्यात मुंग्या! मी कोणाला कामाला ठेवणार? बाई हेंगची. कारखाना हेंगचा. माझी फक्त जमीन."

गर्दीत कुजबुज झाली. प्रानोमच्या जिवात जीव आला. राचनी मॅडम मात्र डगमगल्या नाहीत. त्यांनी मोबाइल काढला.

"ठीक आहे, साहेब. आजोबांकडे नव्हती. पण आमच्याकडेही नव्हती. ती मजा मारत होती. हे बघा."

व्हिडिओ होता. नोपादोनने बघितला. बूट घातलेल्या नऊ बायका, आणि पुढच्या रांगेत प्रानोम, हात वर, तोंड वासून हसणारी, मागच्या दाढा दिसतील इतकी.

"तुमच्याच नियमात आहे," मॅडम म्हणाल्या, "स्वतःच्या करमणुकीत झालेली इजा कामावरची धरत नाहीत. आता तुम्हीच सांगा, कामावर कोणी असं हसतं का?"

नोपादोन मुळात न्यायी माणूस. त्याने गर्दीकडे वळून विचारलं, "इथे कामावर असताना कोणी असं हसलेलं कोणाला आठवतं का?"

सगळ्यांनी मनापासून आठवून पाहिलं. झाकणं लावणारी एक बाई म्हणाली, पाच-सहा वर्षांपूर्वी मुकादम हौदात पडला होता तेव्हा जरासं. बाकी कोणाला काही आठवलं नाही. नोपादोनने तशी नोंद केली: 'ह्या कारखान्यात कामावर हसण्याची पद्धत नाही.' मॅडमनी मान डोलावली. पुरावा त्यांच्या बाजूचा होता.

"मावशी," नोपादोन प्रानोमला म्हणाला, आवाज खाली आणून, "खरं सांगा हं. मजा येत होती का?"

हो म्हणावं तर नोकरी गेली. नाही म्हणावं तर समोर आजोबा, आणि आजोबांसमोर खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते रयोंगमध्ये लहान पोरालाही ठाऊक आहे. तिने कुबडी घट्ट धरली. तेवढ्यात खांबाखालून आवाज आला.

"बघू तो फोन."

मॅडमनी नाइलाजाने फोन लामून मावशीसमोर धरला. आजोबांनी अकराच्या अकरा मिनिटं पाहिली. मध्ये एकदा 'जरा मागे घे' म्हणाले. शेवटी झेब्रा फुटला तिथे त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले ते थेट शेठवर.

"हेंग, हा माझा नवस का?"

"हो, आजोबा. तुमचाच."

"ही बाई तर आपल्या खुशीने नाचतेय. तुझी मॅडमच म्हणतेय, मजा मारतेय म्हणून. आठ जणींनी तसं लिहूनही दिलंय. खुशी त्यांची, नाच त्यांचा, मग तू काय दिलंस मला? नवस फिटला नाही."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. हे नुसतं बोलणं नव्हतं. त्याच्या मेव्हण्याने एकदा असाच एक नवस अर्धवट ठेवला होता आणि त्याच्या दोन होड्या एकाच आठवड्यात बुडाल्या होत्या. शेठच्या मालाचं जहाज तर त्याच क्षणी समुद्रात होतं.

"नाही, नाही, आजोबा!" तो गुडघ्यांवर आला. "खुशी कसली? मी हुकूम दिला होता! बोटाने मोजल्या मी, नऊ जणी!"

"शेठ," मॅडम दात आवळून म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा सदरा ओढला.

"सोडा हो! माझं जहाज आहे समुद्रात! आजोबा, कामाची पाळी चालू होती. मशीन बंद ठेवलं मी, माझ्या खर्चाने. कोणाला यायचं नव्हतं. ही प्रानोम म्हणाली, नाच कुठे येतो. मी म्हटलं, नाचायचं!"

"आणि हसणं?" आजोबांनी विचारलं.

"तेही माझंच! व्हिडिओत ऐका ना, मी बाजूला उभा राहून ओरडतोय, 'हसा गं हसा, आजोबांना रडकी तोंडं चालत नाहीत!' नऊ जणी, अकरा मिनिटं, एकूण एक हसू माझ्या हुकमावरून!"

"पगारी?"

"पगारी!"

आजोबांनी जरा विचार केला. "मग फिटला," ते म्हणाले. लगेच लामून मावशीचे खांदे पडले, तिने डोळे चोळले, पाणी मागितलं, आणि डाळ करपली की काय म्हणत डाव घेऊन कॅन्टीनकडे पळाली. जाताना प्रानोमकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आता ह्यात आजोबा किती आणि मावशी किती, हे मला विचारू नका. मावशी आणि प्रानोम, दोघींचा डबा पंधरा वर्षं एकत्र असतो एवढं मी सांगू शकतो.

राचनी मॅडमनी कपाळाला हात लावला. नोपादोन भराभर लिहीत होता, त्याचे कान लाल झाले होते. आठ महिन्यांत त्याच्यासमोर कोणी मालक आपण होऊन इतकं खरं बोलला नव्हता. त्याने शेठची सही घेतली. शेठने आनंदाने केली, आजोबांना दिसेल अशा बेताने कागद उंच धरून केली.

"झालंच," नोपादोन म्हणाला. "आता फक्त प्रानोम मावशींचा दुजोरा. मी वाचतो. 'दावेदार कामाच्या वेळेत, मालकाच्या हुकमावरून नाचत होती. ती हसत होती तेही मालकाच्या हुकमावरून. तिला स्वतःला हसण्याची इच्छा नव्हती.' बरोबर?"



शेठ 'हसा' म्हणून ओरडला होता हे खरं होतं. पण तो ओरडला तिसऱ्या का चौथ्या मिनिटाला. तोवर प्रानोम हसून हसून दमली होती. तिला ते मिनिट नीट आठवत होतं: बुटातला घाम, शेजारणीची कंबर, डोक्यावरचं मोकळं आभाळ. ह्या आवारात बावीस वर्षांत तिने स्वतःसाठी केलेलं तेवढंच होतं, आणि तेही आता शेठच्या नावावर चाललं होतं.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"शेठ ओरडायच्या आधीचं थोडंसं, दोन मिनिटंच, ती वेगळी लिहिता येतील का? म्हणजे ती माझी होती, असं? बाकीची नऊ त्यांच्या हुकमाची. मी पडले ती अकराव्या मिनिटाला, तेव्हा हुकूम चालूच होता."

नोपादोनने पेन खाली ठेवलं. तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं, आणि कळलं म्हणूनच तो ओशाळला. "मावशी, तसं लिहिलं ना, तर मॅडम त्याच दोन मिनिटांना धरून वर अपील करतील. एकदा मजा आली ती मध्येच संपली कशावरून, म्हणून विचारतील. सगळा कागद जाईल. पाय जाईल, नोकरी जाईल. नका करू असं."

"दोनच मिनिटं आहेत, साहेब."

"माहीत आहे मला."

आठ जणी, ज्यांनी आधीच सह्या केल्या होत्या, मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांतल्या शेजारणीने फक्त एकदा वर पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं: कर गं बाई, कर. प्रानोमने पुतण्याकडे पाहिलं, मांडीवरच्या कुबड्यांकडे पाहिलं, स्क्रू घातलेल्या पायाकडे पाहिलं. मग पेन घेतलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मला इच्छा नव्हती." आणि सही केली. नोपादोनने शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली, आणि अपघात कामावरचा ठरला.

बायकांनी तिला गराडा घातला. कोणी पाठ थोपटली, कोणी डोळे पुसले. पायात कळ आली असेल म्हणून कोणी पाणी आणलं. प्रानोमने सगळ्यांना जरा थांबा म्हणून सांगितलं. कुबड्या टेकत ती झेब्र्यांच्या रांगेपर्यंत गेली, खांबाला कपाळ लावलं, आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"आजोबा, मीच हसले होते. साहेबांना सांगू नका."